काकूंनी काढलेली डिस्क

खंडेनवमीच्या दिवशी सकाळी साडेअकराला शांतादेवी काकूंचा फोन आला, तेव्हा योगीराज आपल्या स्क्रू-ड्रायव्हरांना कुंकू लावत होता. परळीत स्टेशन रोडला त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. त्या दिवशी सगळ्या रोडवर हेच चाललेलं असतं. गॅरेजवाला पान्यांची पूजा करतो, शिंपी कात्रीची, हॉटेलवाला झाऱ्याची. ज्याच्या जोरावर वर्षभर पोट भरतं, त्याला एक दिवस हात जोडायचे, एवढाच त्यातला भाव.

"योगीराज," काकू म्हणाल्या, "माझ्या हातून घात झाला रे. पेटी बंद पडली."

कोणती पेटी, असं त्यानं विचारलं नाही. ज्याच्या मनात काही नसतं, तो आधी विचारतो, काय झालं, कसं झालं. योगीराजानं एवढंच विचारलं, "कुणी हात लावलाय का तिला?"

"मीच लावला," काकू म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

ते ऐकून योगीराजाच्या छातीवरचं ओझं क्षणभर उतरलं. हो, उतरलं. साठीची बाई फोनवर रडते आहे आणि ह्या गड्याला हलकं वाटतं आहे. त्या एका क्षणाची लाज त्याला पुढं किती दिवस पुरली, ते सांगण्यासाठीच ही गोष्ट.

काकू म्हणजे गुरुलिंग अप्पांच्या पत्नी. अप्पांचा फोटो स्टुडिओ वैजनाथाच्या मंदिराकडं जाणाऱ्या रस्त्यावर आहे, गेली चाळीस वर्षं. आसपासच्या खेड्यांतली निम्मी लग्नं अप्पांच्या कॅमेऱ्यातून गेलेली. कॅमेरा अप्पांचा, पण स्टुडिओची आतली खोली काकूंची. सातवी शिकलेली ही बाई पंचावन्नाव्या वर्षी कॉम्प्युटर शिकली. अल्बमची पानं ती लावायची, चेहरे उजळायची ती, आणि तीन वर्षं खपून कपाटातल्या जुन्या सगळ्या निगेटिव्ह मलमलीच्या फडक्यानं एकेक पुसून स्कॅन केल्या तिनं. फोटोंना नावंही तिचीच. 'आसाराम, लग्न, फेटा सैल.' 'नवरीचा भाऊ रुसलेला.' 'सटवा, पहिली मोटारसायकल, पेट्रोल नाही.' शोधताना अप्पांची पंचाईत व्हायची, पण काकूंना एका झटक्यात सापडायचं.

हे सगळं ज्याच्यात साठवलेलं, त्याला कागदोपत्री नेटवर्क स्टोरेज सर्व्हर म्हणतात. स्टुडिओत तिला पेटी म्हणत. पावाच्या डब्याएवढी काळी पेटी, समोर चार कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक हार्डडिस्क, प्रत्येकीवर एक हिरवा दिवा. दोन वर्षांपूर्वी ती योगीराजानंच बसवली होती.

बसवली त्या दिवशी त्यानं काय केलं, तेही सांगायला हवं. माणसाला आपलं कसब दाखवायची खुमखुमी असते. त्यानं चालू पेटीतून एक डिस्क खसकन ओढून बाहेर काढली. काकू किंचाळल्या. पडद्यावरचे फोटो मात्र जसेच्या तसे. "बघा काकू," तो म्हणाला होता, "चौघींत वाटणीच अशी केलीय, की एक गेली तरी बाकीच्या तिघी मिळून तिचं सगळं सांभाळत्यात. चालू मशीनमधून डिस्क काढली तरी काई होत न्हाई."

काकूंनी ते मनात ठेवलं. शिकणारं माणूस ठेवतंच.

योगीराज स्टुडिओत पोचला, तेव्हा अप्पांचा आवाज रस्त्यावर येत होता.

"चाळीस वर्षं! चाळीस वर्षांचं वाटुळं केलं हिनं एका मिनिटात! सातवी पास बाईच्या हातात मशीन दिलं, माझीच अक्कल गहाण पडलती. आजपासून त्या खोलीत पाय ठिवायचा न्हाई, सांगून ठिवतो."

बाकावर दिंद्रुडचा भागवत बसला होता. त्याच्या बहिणीच्या, संगीताच्या लग्नाचा अल्बम छापायला लावलेला. अकरावं पान निघता निघता अडकलं होतं. भागवत मेंढपाळाच्या घरचा, तोंडाळ नव्हे. खाली मान घालून तो आपल्या चपलेकडं बघत होता. पानवाला दारात येऊन उभा राहिला होता, शेजारचा शिंपी गळ्यात टेप घेऊन आला होता. काकू आतल्या खोलीच्या दाराशी उभ्या होत्या. त्यांच्या तीन बोटांना अजून विभूती होती, आणि ती कशालाही लागू नये म्हणून त्यांनी हात अंगापासून दूर धरला होता.

"काय झालं काकू?" योगीराजानं हळू विचारलं.

"पूजा करत होते रे. पेटीच्या आत राख लई बसलती, थर्मल वीजकेंद्राची. तूच म्हणलतास, राख बसू देऊ नका. अल्बम छापायचा चाललता म्हणून बंद केली न्हाई. पहिली डिस्क काढली, पुसली, ताम्हणात ठिवली, विभूती लावली. दुसरीला हात घालणार तवर वराडायला लागली. आन् समदं गेलं पडद्यावरलं."

योगीराज आत गेला. ताम्हणात डिस्क होती, तिच्या कडेला विभूतीचे तीन पट्टे, मध्ये कुंकू, वर झेंडूचं फूल. पेटीत तीन डिस्क उरलेल्या. दुसरीचा दिवा हिरवा, चौथीचा हिरवा. तिसरीचा नारिंगी.

तो नारिंगी दिवा आजचा नव्हता. त्याचा अर्थ परळीत एकट्या योगीराजाला माहीत होता.

जून महिन्यात, भर दुपारी, काकूंचा असाच फोन आला होता. "पेटी पी पी करायलीय रे. आन् एक दिवा लाल-पिवळा झालाय." योगीराज तेव्हा सासरच्या मंडळींना घेऊन कपिलधारला गेला होता. धबधब्याला पाणी नव्हतं, पोरं कुरकुरत होती, मेहुणा जेवणाची घाई करत होता. त्यानं मोबाईलवरून पेटी उघडून पाहिली. तिसरी डिस्क मेली होती. आठवड्याभरात नवी आणून घातली असती, तर वीस मिनिटांचं काम. त्यानं मोबाईलवरूनच गजर बंद केला आणि म्हणाला, "काई न्हाई काकू, उन्हानं वराडतीय. दोन दिवसांत येतो मी."

दोन दिवसांचे चार दिवस झाले. चाराचे पंधरा. पेटी बिचारी रोज सकाळी सहा वाजता त्याला मेल पाठवायची: तिसरी डिस्क निकामी, तातडीनं बदला. रोजच्या रोज तेच वाचून त्याला ओशाळल्यासारखं व्हायला लागलं, तेव्हा त्यानं काय केलं? मेल आपोआप एका वेगळ्या फोल्डरमध्ये जातील अशी सोय करून टाकली. डिस्क बदलायला वीस मिनिटं लागली असती, ही सोय करायला तीन लागली. सतरा मिनिटं वाचली गड्याची.

तिघींवर चाललेली पेटी. काकूंनी दोन काढल्या असं नव्हे. काकूंनी एकच काढली. एक आधीच मेलेली होती, म्हणून दोन झाल्या. आणि दोन गेल्या की ही वाटणी कोसळते.

"ओल्या हातानं काढली हिनं," अप्पा मागं येऊन म्हणाले. "पाण्यात कालवून विभूती लावली मशीनला. त्यानंच झालं न्हवं?"

खोलीत सगळे त्याच्या तोंडाकडं बघत होते. काकूही. त्यांच्या डोळ्यांत अजून थोडी आशा होती, हा पोरगा म्हणेल, न्हाई अप्पा, तसं काई नसतं.

"ओलाव्यानं होऊ शकतंय," योगीराज म्हणाला.

तीन शब्द. 'होतं' असं तो म्हणाला नाही, 'होऊ शकतंय' म्हणाला. म्हणजे खोटं बोललो नाही, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. काकूंनी मान खाली घातली आणि पदराच्या टोकानं बोटं पुसून काढली.

पेटी आणि चारही डिस्क घेऊन तो दुकानात आला. आल्या आल्या त्यानं प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून नंबर टाकले: एक, दोन, तीन, चार. मग कामाला लागला. आता मात्र तो मन लावून काम करत होता, आणि तेवढं श्रेय त्याला द्यायला हवं.

अशा वेळी मूळ डिस्कांवर काहीही करायचं नसतं. नाना उपाय करायला जाल तर उरलंसुरलंही हातचं जातं. आधी प्रत्येकीची हुबेहूब नक्कल नव्या डिस्कवर उतरवायची, कणाकणानं, आणि जे काही प्रयोग करायचे ते त्या नकलांवर. काकूंनी काढलेली पहिली डिस्क त्यानं कोरड्या ब्रशनं साफ केली. विभूती फक्त बाहेरच्या पत्र्यावर होती. आतल्या एका तारेलाही ओल लागलेली नव्हती. ते त्यानं भिंग लावून पाहिलं, दोनदा पाहिलं. ओल सापडली असती तर बरं झालं असतं, असा विचार त्याच्या मनात आला आणि त्याला स्वतःचीच किळस वाटली.

पहिलीची नक्कल दसऱ्याच्या दिवशी पुरी झाली, बिनतक्रार. दुसरीचीही झाली. चौथीनं मात्र जीव खाल्ला. ती म्हातारी झाली होती. चार महिने मेलेल्या बहिणीचं काम ओढून दमली होती. मध्येच अडायची, करकर करायची, मग पडद्यावरचा आकडा तासभर हलायचा नाही. योगीराज तिच्यावर पंखा धरून बसला. गिऱ्हाइकं आली, त्यांना परत पाठवलं. तीन नकलांवाचून काही जुळत नव्हतं. ही चौथी गेली की काकूंची तीन वर्षं गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू दुकानात आल्या. डब्यात धपाटे आणले होते. स्टुलावर बसल्या आणि दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले, चुकून कशाला लागू नयेत म्हणून. त्यांच्या कोपराशी साधा माऊस होता, मोडका, विकायचाही नव्हता. त्यापासूनही त्या सरकून बसल्या.

"होईल का रे?"

"प्रयत्न चाललाय काकू."

"ह्यांनी आतल्या खोलीला कुलूप घातलंय. माजलगावहून एक पोरगी येणार हाय म्हणे अल्बमच्या कामाला. कोर्स केलेली." त्या जरा थांबल्या. "बरं झालं. आपल्याच्यानं झेपायचं न्हवतंच ते."

योगीराज पडद्याकडं बघत राहिला.

"एक विचारू का? विभूतीनं असं झाल्याचं आजून कुठं हाय का रे? त्या इंटरनेटवर बघ की. दुसऱ्या कुण्या बाईच्या हातून झालं असंल तर..." वाक्य त्यांनी अर्धवट सोडलं. "मी नवस बोललेय. समदं परत आलं, तर कार्तिकात कपिलधारच्या यात्रेला चालत जाईन आन् मशीनला जल्मात हात लावणार न्हाई."

कपिलधारचं नाव निघालं आणि योगीराजाचे कान गरम झाले. सांगून टाकावं. आत्ताच. दुकानात दोघंच तर आहोत. त्यानं तोंड उघडलंही.

"धपाटं खा की," काकू म्हणाल्या. "सकाळपासून काई खाल्लेलं दिसत न्हाईस. माझ्यापायी किती तरास तुला."

त्यानं धपाटं खाल्लं. खाल्लं, कारण बोलण्यापेक्षा खाणं सोपं होतं. इतकी लाज त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि लाज वाटते म्हणून माणूस सुधारतोच असं नाही, हेही त्याला त्या दुपारी कळलं.

चौथ्या दिवशी सकाळी चौथीची नक्कल संपली. काही ठिकाणं वाचता आली नव्हती, पण नखाएवढी. आता खरी कसोटी. पहिली, दुसरी आणि चौथी, तिघींच्या नकला त्यानं जोडल्या. पहिली बाकीच्यांपेक्षा काही क्षण मागं होती, काकूंनी काढली त्या वेळेला तिचं घड्याळ थांबलेलं. ते बाकीच्यांशी जुळवून घ्यायला त्यानं मशीनला भाग पाडलं. फक्त वाचायचं, काही लिहायचं नाही, असं बजावून हुकूम दिला आणि डोळे मिटले.

उघडले तेव्हा पडद्यावर नावं होती. 'आसाराम, लग्न, फेटा सैल.' त्यानं फोटो उघडला. भागवतचा बाप, विशीतला, फेटा कानावर आलेला, शेजारी नवी नवरी, भागवतची आई साखराबाई, तोंडाला पदर लावून हसते आहे. योगीराज मोठ्यानं हसला. मग हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते काही आनंदाचं नव्हतं.

त्यानं आधी सगळ्याची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढली, जी दोन वर्षांपूर्वीच काढायला हवी होती. मग पेटीत त्या तीन नकला घातल्या, मेलेल्या तिसरीच्या जागी कोरी डिस्क दिली. आता पेटी तिघींवरून हिशेब मांडून ती कोरी डिस्क स्वतःच भरून काढणार होती. त्याला पंधरा तास लागतात.

ते चालू असताना त्यानं पेटीची नोंदवही उघडली. ही यंत्रं फार चोख असतात. काय झालं, कधी झालं, कुणी केलं, सगळं लिहून ठेवतात. ११ जून, बारा वाजून चाळीस मिनिटं: तिसरी डिस्क निकामी. बारा त्रेपन्न: गजर बंद केला. कुणी: योगीराज. खाली एक बटण होतं. ते दाबलं की नोंदी पुसल्या जातात. त्यानं बाण त्या बटणावर नेला. त्याला धर्मात्मा समजू नका. दाबणारच होता तो. पण त्याच वेळी दुकानात एक गिऱ्हाईक आलं, त्यानं घाबरून खिडकी बंद केली, आणि मग ती पुन्हा उघडायचं धाडस त्याला झालं नाही.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तो पेटी घेऊन स्टुडिओत गेला. आतल्या खोलीचं कुलूप काढलं होतं. त्यानं पेटी जागेवर ठेवली, तारा जोडल्या, चालू केली. चारही दिवे हिरवे. बाहेरच्या मोठ्या पडद्यावर त्यानं संगीताच्या लग्नाचे फोटो लावून दिले. एकामागून एक सरकायला लागले.

अप्पांनी निरोप धाडले होते. पानवाला, शिंपी, समोरचा भांडीवाला, सगळे जमले. भागवत अल्बम न्यायला दिंद्रुडहून आला होता, तो त्याच बाकावर बसला. टेबलावर शाल, नारळ, हार. योगीराजाला वाटलं, मागच्या दारानं पळून जावं.

"ह्या पोरानं," अप्पा सगळ्यांना म्हणाले, "माझी चाळीस वर्षं वाचविली. बाईनं घालविलं ते ह्यानं आणून दिलं. शांता, कुंकू लाव त्याला."

काकू ताट घेऊन पुढं आल्या. नवऱ्यानं चारचौघांत मारलेला टोमणा त्यांनी मुकाट्यानं गिळला होता. चेहऱ्यावर नुसतं समाधान होतं, पोरानं आपली लाज राखली म्हणून. त्यांचं बोट कुंकवात बुडालं, योगीराजाच्या कपाळाकडं आलं, आणि तो एक पाऊल मागं सरला.

"नका काकू. मला कुंकू लावू नका."

"कावून रे?"

"जरा आत या. तुमाला एकटीला सांगतो."

"हितंच सांग की. परकं कोण हाय?"

योगीराजानं खाली बघत, पुटपुटत सांगितलं. जूनमध्ये एक डिस्क मेली होती. पेटी ओरडत होती ती त्यासाठीच, उन्हानं नव्हे. गजर त्यानं बंद केला. रोज मेल येत होते, शंभरावर आले, ते त्यानं बाजूला टाकले. विभूतीनं काही झालं नाही. ओल कुठंच नव्हती.

काकूंनी ताट टेबलावर ठेवलं. मग त्यांनी एकच विचारलं.

"म्हंजे, तू नवी डिस्क घातली असतीस, तर त्या दिवशी मी काढली त्यानं काईच झालं नसतं?"

"काईच न्हाई."

"मला न्हाई, ह्यांना सांग," काकू म्हणाल्या. "मोठ्यानं सांग. ह्यांनी मोठ्यानं सांगितलतं."

योगीराजानं मान वर केली. पानवाला बघत होता, शिंपी बघत होता, भागवत ह्या वेळी चपलेकडं बघत नव्हता. "अप्पा," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला, "चूक माझी होती. काकूंची न्हवती. ओलाव्याचं मी खोटं सांगितलं. माझं नाव राखायला."

अप्पांचा चेहरा उतरला. त्यांनी इकडं तिकडं पाहिलं, घसा खाकरला. "बरं बरं. झालं ते झालं. समदं परत आलं न्हवं? चहा आणा रे."

"चहा ऱ्हाऊ द्या," काकू म्हणाल्या आणि आतल्या खोलीत गेल्या.

सगळे त्यांच्या मागं दाराशी गेले. काकू पेटीसमोर उभ्या होत्या. त्यांनी पदर खोचला.

"अगं, काय करायलीस? नवस बोललीस न्हवं, हात लावणार न्हाई म्हणून?" अप्पा म्हणाले.

"नवस माझ्या चुकीचा होता. चूकच माझी न्हवती, तर नवस कशाचा फेडू?" त्या योगीराजाकडं वळल्या. "चारी चांगल्या हायेत न्हवं आता?"

"हायेत. आन् सगळ्याची एक प्रत माझ्या पिशवीतबी हाय."

काकूंनी पहिल्या कप्प्याची कडी दाबली आणि चालू पेटीतून डिस्क ओढून काढली.

पेटी पी पी करून ओरडायला लागली. अप्पांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. योगीराजाचाही हात पेटीकडं गेला, स्वतःच्या हातानं सगळं नीट केलेलं असूनही.

"भागवत," काकूंनी तिथूनच हाक मारली, "बाहीर फोटो दिसायलेत का?"

"दिसायलेत की मावशी. संगीताची हळद चाललीय."

"बंद न्हाई पडले?"

"न्हाई. आता नवरदेव आला."

काकू डिस्क हातात धरून नवऱ्याकडं बघत राहिल्या. त्या रागावलेल्या नव्हत्या. नुसत्या वाट बघत होत्या. अप्पांचे ओठ हलले. चाळीस वर्षांत 'चुकलो' म्हणायची सवय नव्हती त्यांना, शब्द सापडायला वेळ लागला.

"मी बोलायला नको होतं," ते शेवटी म्हणाले. "लोकांत तर न्हाईच."

"घरातबी न्हाई," काकू म्हणाल्या.

"घरातबी न्हाई. त्या माजलगावच्या पोरीला नको म्हणून कळवितो."

काकूंनी डिस्क परत कप्प्यात सरकवली, खट आवाज येईपर्यंत. नारिंगी दिवा लुकलुकायला लागला. "आता परत पंधरा तास लागतील काकू, पुरी भरायला," योगीराज म्हणाला. "मी बसतो हितं. पेटीचे मेलबी आता तुमच्या मोबाईलवर लावून देतो." पेटीजवळ बसून राहावं, काहीतरी करत राहावं, एवढंच त्याला सुचत होतं. कुणी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं; कुणी देत नव्हतं.

काकूंनी आपल्या खुर्चीवरची धूळ झटकली आणि बसल्या. माऊस हातात घेतला. भागवतच्या अल्बमचं अकरावं पान उघडलं. मग काहीतरी आठवल्यासारखं त्यांनी विचारलं, "आजून कुणाकुणाच्या पेट्या बसविल्यास तू?"

"लॅब हाय एक, दोन शाळा हायेत, सीएचं ऑफिस हाय. बाकीच्या धरून अकरा."

"त्यांचे मेल कुठं जात्यात?"

सगळ्यांचे मेल योगीराजाच्या त्याच वेगळ्या फोल्डरमध्ये जात होते, आणि जूनपासून त्यानं तो उघडलेला नव्हता.

"मग हितं कावून बसायलास?" काकू पडद्यावरची नजर न हलवता म्हणाल्या. "ऊठ."